पाचव्या दिवसाची पूजा

“अंबादासकाका, देवांचं तेवढं करून घ्या,” प्रीतम सतरंजीवरूनच म्हणाला. “आम्हाला शिवता येत नाही. तुम्हाला सुतक नाही.”

रोज सकाळी तो हेच सांगायचा. दशरथ जाऊन आज पाचवा दिवस. सतरंजीवर घरचे बसत. दशरथच्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा प्रीतम, त्याची आई वनमाला आणि बायको जान्हवी. दशरथ गेला त्या संध्याकाळी तिघं जोगेश्वरीहून मुलुंडला आली ती दोन बॅगा घेऊन. आता हॉलच्या कोपऱ्यात सात-आठ बॅगा होत्या आणि वर मिक्सर. दशरथचे कपडे गाठोडं बांधून दाराजवळ ठेवले होते. काल जान्हवी गॅलरीच्या खिडकीचं माप घेत होती.

भेटायला येणारे सतरंजीसमोर बसत, प्रीतमचा हात धरत. अंबादास त्यांना पाणी नेऊन देई. हे कोण, असं कुणी विचारलं की प्रीतम सांगे, काकांचे मित्र. त्यांना कुणी नाही, म्हणून काकांनी ठेवून घेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशी प्रीतमने त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं. घर काकांच्या एकट्याच्या नावावर आहे. आम्ही आता इथेच राहायला येणार. तुम्हीही राहा, बाहेरच्या खोलीत, या वयात कुठे जाल. फक्त लोकांपुढे वेगळं काही बोलायचं नाही. अंबादास बरं म्हणाला होता. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला दुसरं काय सुचणार.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. देव्हारा ओट्याशेजारी होता. देव दशरथचे, कणकवलीकडून आणलेले. अंबादासचा देवावर विश्वास नव्हता. दशरथ त्याला देव्हाऱ्याजवळून हाकलायचा. म्हणायचा, तू चहा टाक रे, तुझा देव गॅसवर बसलाय. गेले तीन दिवस अंबादास त्याच देवांना आंघोळ घालत होता. कुठला आधी, कुठला नंतर, ते त्याला अजून समजलं नव्हतं.

बाहेर सोसायटीच्या सेक्रेटरी नलिनीबाई बोलत होत्या. दशरथरावांना तुमचं फार कौतुक, असं त्या प्रीतमला सांगत होत्या.

“तुम्हाला बढती मिळाली तेव्हा त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. सात वर्षं झाली असतील. असा खूश माणूस मी पाहिला नाही.”

प्रीतमला बढती कधी मिळाली नव्हती. तरी तो म्हणाला, “हो. जीवच होता काकांचा माझ्यावर.”

अंबादासच्या हातात तांब्या होता. त्याने तो खाली ठेवला. ते पेढे त्यानेच आणले होते, पाच रस्त्याच्या दुकानातून. त्या दिवशी कोर्टाने सांगितलं होतं, दोन पुरुषांनी असं राहणं हा गुन्हा नाही. दोघांनी दुपारभर टीव्ही बघितला. त्याआधी ते एकदाच मोर्चाला गेले होते, ऑगस्ट क्रांती मैदानात, आणि दशरथने बँकेतलं कुणी बघेल म्हणून मुखवटा काढलाच नव्हता. पण त्या संध्याकाळी तो डबा घेऊन मजला मजला फिरला. कशाचे पेढे, असं विचारलं की सांगायचा, पुतण्याला बढती.

अंबादास बाहेर आला आणि सतरंजीच्या कडेला बसला.

“झालं एवढ्यात?” प्रीतमने विचारलं.

“नाही केलं. मला सुतक आहे.”

नलिनीबाई बशीतला चहा पिता पिता थांबल्या. जान्हवीला हसू आलं.

“काका, मित्राचं सुतक नसतं हो.”

“नसतं,” अंबादास म्हणाला. “मित्राचं नसतं.”

वनमालाने पाय जवळ ओढून घेतले. जागा करून दिली की अंग चोरलं, ते कळलं नाही. नलिनीबाईंनी बशी ठेवली. सुतकाच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत, त्या तशाच उठून गेल्या. जाताना त्यांनी अंबादासकडे एकदा नीट पाहिलं.

भेटायला येणाऱ्यांसाठी दार दिवसभर उघडं असायचं. प्रीतमने ते लावलं, वरची कडीही घातली. मग अंबादासच्या अगदी जवळ येऊन बसला. त्याचा आवाज चढला नाही. मला शाळेत असल्यापासून माहीत आहे, तो म्हणाला. कुणी सांगायची गरज नव्हती. गणपतीला यायचो तेव्हा दिसायचंच. पण चाललं होतं ते तुम्ही चालू द्यायला हवं होतं. आता सेक्रेटरीच्या कानावर घातलंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत गेटवर.

“पेपर मीही वाचतो, काका. एकत्र राहिलात, गुन्हा नाही. लग्नाला मात्र कोर्ट नाही म्हणालं. मग नातं कुठलं सांगणार?”

अंबादासने सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

“तरी मला सुतक आहे,” तो म्हणाला.

वनमालाने डोळ्यांना पदर लावला. एवढंच ती म्हणाली, “भावजींना आवडायचं नाही हो असं बंद दार.” कुणी उठलं नाही.

प्रीतमने मान हलवली. शेजारणीला देवांचं करायला बोलाव, असं त्याने जान्हवीला सांगितलं. मग दिवाणावरची उशी उचलली आणि अंबादासच्या पाठीशी, भिंतीला लावून दिली. दाबून नीट बसवली.

“टेका,” तो म्हणाला. “पाळा सुतक, कोण नाही म्हणतंय. दहा दिवसांचं असतं, काका. अकराव्या दिवशी कुणालाच नसतं.”