बाबांचा डावा हात

"वहिनी, तू सोडच आता ती नोकरी," नणंद म्हणाली आणि ब्रेडला लोणी लावू लागली.

बोलणं एकदाचं निघालं. निमित्त बाबांच्या पंच्याहत्तरीचं होतं, पण सगळे याच्यासाठी जमलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रेंच रेस्टॉरंट नणंदेनंच निवडलं. पितळी कठडे, भिंतभर आरसे, पांढऱ्या एप्रनमधले वेटर. अशा ठिकाणी कुणाला आवाज चढवता येत नाही. घरी हा विषय निघाला की धाकटा दीर तरातरा उठून जायचा. इथे कांद्याचं गरम सूप पुढ्यात असताना जाणार कुठे?

वहिनी कामावरून परस्पर आली होती. टेबलाखाली तिनं बूट काढून ठेवले होते आणि पाय गार फरशीवर टेकवले होते. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. धाकट्याचा हसताना दिसणारा पुढचा दात तिच्याच हातचा. बाबांच्या दोन्ही कवळ्याही. इतकी वर्षं मान मोडून काम केल्यावर गेल्याच महिन्यात मालकांनी अख्खा विभाग तिच्या हाती सोपवला होता. तिनं घरी येऊन ती बातमी सांगितली, त्याच संध्याकाळी बाबांना सांभाळणारी बाई काम सोडून गेली. मग बातमी राहिली बाजूला.

बाबांना अर्धांगवायू झाल्याला वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात. काही हवं असलं की ते तो वर करायचे. मग विचारायचं, पाणी? पांघरूण? बाथरूम? नेमकं आलं की हात खाली. यापलीकडे त्यांना काही कळत नाही, असं घरात सगळे धरून चालले होते. खरं सांगायचं तर वहिनीसुद्धा. पूर्वी लॅबमधल्या गमती सुनेकडून ऐकल्याशिवाय बाबांना चहा गोड लागत नसे. आता ती दमूनभागून यायची आणि हेच तीन प्रश्न विचारायची.

"कामाच्या बायका काय, आज आहेत, उद्या नाहीत," धाकटा म्हणाला. "घरच्या माणसाची सर येते का कुणाला?"

घरचं माणूस म्हणजे नेमकं कोण, हे काही त्यानं सांगितलं नाही. तो मेनूकार्डात तोंड घालून बसला.

"तुझ्याइतकं बाबांचं कुणाला कळतंय, वहिनी?" नणंद म्हणाली. "मला तर त्यांना नुसतं उठवून बसवायचं म्हटलं तरी धडकी भरते. तुझी कमाल आहे बाई."

घरात असं एकाएकी कौतुक सुरू झालं की आपला बळीचा बकरा होणार हे समजून घ्यावं. वहिनीला ते समजलं होतं. ती खाली मान घालून बाबांसाठी सुपात ब्रेडचे तुकडे भिजवत होती. तिचं स्वतःचं सूप केव्हाच निवलं होतं आणि वरचं चीज कातड्यासारखं घट्ट झालं होतं.

तिला बोलायचं होतं. वाक्यही तयार होतं. मला नाही सोडायची नोकरी. महिनाभर ती ते मनात घोळवत होती. पण ते बोलल्यावर पुढे जे काही होईल, नणंदेचं रडणं, धाकट्याचे टोमणे, नवऱ्याचा अबोला, ते निस्तरायचं त्राण तिच्यात नव्हतं. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. तेवढेही कष्ट घ्यायला नकोत, नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं.

नवऱ्यानं घसा खाकरला. त्यानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"मग ठरलं तर. पहिल्या तारखेपासून ही घरी. कुणाची काही हरकत?"

वहिनीनं ब्रेडचा आणखी एक तुकडा सुपात बुडवला. धाकट्यानं ग्लास उचलला.

तेवढ्यात बाबांचा डावा हात वर गेला.

वेटर लगबगीनं आला. "काय आणू, साहेब?"

"पाणी हवं असेल त्यांना," नणंद म्हणाली. पाणी आलं. तिनं ग्लास ओठांशी नेला, तर बाबांनी तोंड फिरवलं. धाकट्यानं उठून आपला कोट त्यांच्या अंगावर घातला. तो त्यांनी खांदा झटकून पाडला. हात वरच. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"अगं, बाथरूमला जायचं असेल," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "ने ना पटकन."

वहिनी सवयीनं उठली. एक पाय बुटात गेलासुद्धा. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक काढायला ती वाकली, तशी बाबांनी जोरात मान हलवली. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. असं पाहून किती दिवस झाले होते! काही मागणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. बाबा चिडले होते. हात ते खाली घेत नव्हते.

ती पुन्हा आपल्या जागेवर बसली.

"तुम्ही मघाशी काय विचारलंत?" ती नवऱ्याला म्हणाली.

"मघाशी म्हणजे कधी?"

"बाबांनी हात वर केला ना, त्याच्या आधी."

"काही नाही गं. कुणाची हरकत आहे का, एवढंच तर..."

तो बोलता बोलता थांबला. नणंदेच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

बाबांनी हात खाली घेतला. मग वहिनीनं आपला वर केला.