पाचवा पाय

शेपटीचं शेवटचं वळण संपलं, तसं नक्षीवाल्याने पत्रा कापायच्या टॉर्चचं बटण सोडलं. हवेचा फुसफुसाट थांबला आणि पत्र्यातून सुटलेला घोडा ठण्णकन जाळीवर पडला. त्याने काळ्या काचेचा मुखवटा वर सारला, घोडा चिमट्याने उचलला आणि उजेडात धरला. काय कापला होता म्हणता! मानेपासून पाठीपर्यंत एकच सलग रेघ, कुठे खाच नाही की दाता नाही. टॉर्च हातात धरून कापलाय असं सांगितलं असतं, तर कुणाला खरं वाटलं नसतं.

फाटकांवरचे पक्षी, खिडक्यांवरच्या वेली, दुकानांच्या पाट्या, असलं सगळं तो वर्षानुवर्षं कापत आला होता. पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाने कागदावर चित्र आणायचं, याने तो कागद खळीने पत्र्यावर चिकटवायचा आणि रेघेरेघेने टॉर्च फिरवायची. कागद जळायचा, उरलासुरला घासून काढायचा. त्याचं कुणाला काय पडलंय! दुसरा काढता येतो.

हे चित्र मात्र भाचीचं होतं. सहा वर्षांची पोर, चार महिन्यांपूर्वी तापाने गेली. बहीण फोनवर म्हणाली होती, "दादा, तिच्या घोड्याची पेन्सिल पुसत चाललीय रे. तू लोखंडात करून देशील? म्हणजे मग कुठे जायचा नाही." हा सवयीने म्हणाला, "तू कागद आणून दे, पुढचं माझ्यावर सोड." काल संध्याकाळी तिने वहीचं ते पान आणून दिलं, त्याच्या हातात ठेवताना क्षणभर सोडलं नाही, आणि मग निघून गेली.

त्याने जीव ओतला. पोरीची रेघ ती पोरीचीच, कुठे फुगलेली, कुठे बसलेली. त्याने ती वळणावर आणली. पोटाखाली तर ठमाबाईने पाच पाय काढून ठेवले होते. "मोजता येत नव्हतं का गं तुला?" असं म्हणून तो हसला, आणि हसता हसताच त्याला रडू कोसळलं. मधला पाय त्याने सोडून दिला. आता तारेचा ब्रश मारला, ग्राइंडर फिरवला, आणि घोडा लख्ख करून टेबलावर ठेवला.

बहीण दुपारी आली. दारातच चपला काढायला वाकली. कारखान्यात कुणी चपला काढतं का! पण तिने काढल्या, आणि लोखंडाचा कीस तुडवत अनवाणी आत आली. कितीतरी वेळ ती घोड्याकडे बघत राहिली. आणि हा शहाणा कौतुकाची वाट बघत उभा.

"छान झालाय," ती म्हणाली. मग घोड्याच्या पोटाखालून बोट फिरवलं. "पाचवा कुठे गेला?"

"पाचवा काय?"

"पाय."

"अगं, घोड्याला चारच असतात. चुकून काढला असेल तिने."

"चुकून नाही. एक दमला की तो वापरायचा, असं सांगायची."

नक्षीवाला काही बोलणार, तेवढ्यात बहिणीने हात पुढे केला. "असू दे. माझा कागद दे."

त्याने टेबलावरचा ब्रश उगाच बाजूला सारला.

"दादा, कागद."

"अगं, कागद चिकटवूनच कापतात. तो... तो राहत नाही मागे."

"मला वाटलं, बघून काढशील."

"फोटो असेल ना मोबाइलमध्ये?"

"फोटो कशाला काढू? कागद होता ना माझ्याकडे."

ती रडली नाही. रडली असती, त्याला चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. ती टेबलाखाली बसली आणि खाली पडलेले पत्र्याचे तुकडे एकेक करून उलटायला लागली.

"अगं, हात कापेल! तिथे काही नाही, सगळं भंगार आहे."

तिने ऐकलं नाही. पाठीवरचा तुकडा बाजूला टाकला, मानेखालचा टाकला. मग एक तळहाताएवढा तुकडा उचलला आणि तिचा हात थांबला. घोड्याच्या पायांमधून गळून पडलेला तुकडा होता तो. भंगार म्हणून त्याला ना ब्रश लागला होता ना ग्राइंडर. कडेचा कागद जळून काळा झाला होता, पण मधे, जिथून टॉर्च गेलीच नव्हती, तिथे तो अजून चिकटलेला होता, भाकरीसारखा करपलेला. त्यावर पेन्सिलीच्या दोन वेड्यावाकड्या रेघा, आणि खाली बटाट्याएवढा खूर.

बहिणीने त्यावर हलकेच फुंकर मारली. रेघा जागच्या जागी राहिल्या.

नक्षीवाला तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्या पोरीचं एवढंच उरलं होतं, आणि तेही याने चूक म्हणून सोडून दिलेलं. काहीतरी करावं, काहीही करावं, म्हणून त्याने हात पुढे केला.

"आण इकडे. कडांना धार आहे त्याच्या. जरा घासून नीट करून देतो."

बहीण झटकन मागे सरकली. तुकडा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला. एका बोटातून रक्त यायला लागलं होतं.

"नको रे दादा," ती म्हणाली. "आता तू काहीच नीट करू नकोस."