हिरवी खूण

“फसलेल्या कामांचे कंटेनर सर्व्हरवर ठेवतोच की आपण. यशस्वी झालेले कशाला हवेत? उगाच जागा अडते,” आमचे टीम लीड देवस्थळी सर म्हणाले.

पण दर सोमवारी पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट रुग्णांना पोचत नव्हते, आणि पडद्यावर मात्र ‘यशस्वी’ची हिरवी खूण. रिपोर्ट पाठवण्यासारखं प्रत्येक काम सर्व्हरवर एका तात्पुरत्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालायचं; ते यशस्वी झालं की सर्व्हर तो नोंदींसकट पुसून टाकायचा. मला आत डोकवायचंच होतं.

या सोमवारी मी ते पुसणं तासभर थांबवलं आणि कंटेनर उघडला. शेवटची नोंद होती: ‘यादीत रुग्ण शून्य. काम यशस्वी.’ लॅबची यादी यायच्या आधीच गडी काम उरकून मोकळा!

सरांनी खुर्ची ओढली. पडद्यावर आमच्या इतर चाळीस कामांपुढेही हिरव्याच खुणा होत्या.

“यांचंही पुसणं थांबव,” ते हळूच म्हणाले.