मध्यंतर

एकाहत्तरच्या लढाईत मांडीत दोन गोळ्या घेऊन मी जिवंत परत आलो, वीरचक्र मिळवलं. पण सिनेमावाल्यांनी मला एकदाही जगू दिलं नाही. सात सिनेमांत फौजी झालो आणि सातही वेळा शेवटच्या रिळात मेलो. बरं, मेलो तर मेलो, पण माझी बायको सुगंधा तेवढंसुद्धा बघायची नाही. दर वेळी मध्यंतराची घंटा झाली की "म्हशीची धार काढायचीय" म्हणत आमच्या गावाची, पडेगावची वाट धरायची. अख्खं औरंगाबाद माझ्यासाठी डोळे पुसायचं आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी!

आठव्या सिनेमात मी दिग्दर्शकाशी भांडून जिवंत राहिलो. तिला मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. धार काढायचं भावजयीवर सोपवलं आणि तिला तीनच्या खेळाला नेलं. मध्यंतर झालं आणि बाई उठलीच.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर तिचं मनगट धरलं. "आज म्हैस नाय, काय नाय! माझा सिनेमा तुला इतका नकोसा हाय का गं?"

तिनं हात सोडवला नाही. माझ्या मुठीत दाबल्या गेलेल्या बांगड्यांकडं बघत हळूच म्हणाली,

 

"अवो, तुमी लढाईत कामी आल्याची ती चुकीची तार आली, तवा बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या व्हत्या. तवापसून मी तुमाला जित्तं बघूनच उठते."