करडा रंग

विल्फने रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याचं इवलंसं मॉडेल नखाएवढ्या वाघिणींसकट हुबेहूब उतरवलं होतं, पण जमिनीचा करडा रंग काही केल्या जमेना. शेवटी शेडच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात राख सापडली. शेगडीचीच असेल म्हणून त्याने ती चाळून गोंदाने पक्की बसवली. डबा कसला होता, ते त्याला गोंद वाळल्यावर आठवलं.

त्याची बायको एनिड चहा घेऊन आली, तेव्हा त्याची मान वर होईना.

"अगबाई, खराच धक्का वाटतोय! माझ्या बाबांनी जन्मभर इथेच वाघिणी जोडल्या."

"हं," विल्फ पुटपुटला.

 

"उद्या व्हिटबीच्या समुद्रावर जायचंय, त्यांच्या राखेचा डबा काढून ठेव रे. 'मेल्यावर तरी या धक्क्यावरून माझी सुटका करा,' एवढं एकच मागितलं होतं बिचाऱ्यांनी."