चेरीची पेटी

दर नाताळात टास्मानियातला बागायतदार डेस हॅलम कुबड्या टेकत प्रयोगशाळेत यायचा आणि डॉक्टर ब्रॉनविनच्या टेबलावर चेरीची पेटी ठेवायचा. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या मांडीतली गाठ कर्करोगाची असल्याचा अहवाल तिनेच दिला होता, म्हणून सर्जनने त्याचा पाय वेळेवर कापला.

"दुकानदार एकच बूट विकत नाही, एवढीच तक्रार," डेस यंदाही म्हणाला. "बाकी तुमच्यामुळे नातवंडं पाहिली, डॉक्टरबाई. खा की, लाजता काय?"

ब्रॉनविनने एक चेरी तोंडात टाकली. दरवर्षीप्रमाणे त्याची पाठ वळताच तिने ती रुमालात काढून टाकली.



नऊ वर्षांपूर्वी नवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, तेव्हा जपून ठेवलेला त्याच गाठीचा तुकडा तिने सहज त्याखाली पाहिला होता, आणि कर्करोग त्यात कुठेच नव्हता.