गाण्याचे थेंब

“नर कसला? मादी आहे ही,” पिवळ्या कॅनरीची पिसं फुंकरीनं बाजूला सारत पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले. “विकणाऱ्यानं चक्क टोपी घातली तुम्हाला.”

“पण परवापर्यंत गात होता की!” पिंजरा घेऊन आलेली तरुणी म्हणाली.

“नराचं हार्मोन पाजलं असणार. ते रक्तातून थेट मेंदूत जातं. मादीच्या मेंदूत गाण्याच्या पेशी जेमतेम असतात. हार्मोन मिळालं की त्या वाढतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि मादी गायला लागते. असर ओसरला की आक्रसतात. पुन्हा पाजू नका, ते जीव पोखरतं तिचा.”

ती पिंजरा घेऊन दुकानात भांडायलाच गेली. पण भांडायचंही त्राण नव्हतं. दुकानदारानं निर्लज्जपणे एक बाटली पुढे केली. “चिडता कशाला ताई? चार थेंब पाण्यात टाका, पुन्हा गाईल.” तिनं मुकाट्यानं बाटली घेतली.

करणार काय? तक्रार केंद्रात दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाऊन गोड बोलायचं. घरी आलं की अंथरुणाला खिळलेल्या आईपुढे पुन्हा तोंडाचा पट्टा सोडायचा. बाबा गेल्यापासून आई मिटत चालली होती. घर गप्प झालं तर आईही जाईल, अशी धास्तीच तिनं घेतली होती. म्हणून ऑफिसातले किस्से, न घडलेल्या गमती. कॅनरी आली आणि तिच्या घशाला सुट्टी मिळाली. पाखरू गायचं, आई ऐकायची आणि ही भिंतीला टेकून डोळे मिटायची. मग गाणं थांबलं. पट्टा पुन्हा सुरू झाला.

“आई, आज काय झालं माहितेय?” चपला काढता काढताच तिनं सुरुवात केली.

“हातात काय आहे ते?”

तिनं सगळं सांगितलं. दुकानदाराचंही, डॉक्टरांचंही. “घालू का पाण्यात?”

“नको. गप्प बसू दे तिला,” आई म्हणाली. मग म्हणाली, “आणि तूही बस.”

“मी गप्प बसले तर तुझं कसं व्हायचं?”

“माझं? अगं, तू इतकी जीव तोडून बोलतेस, म्हणून तुझं मन राखायला मी हसते. मलासुद्धा आता हसणं झेपत नाही गं.”